फायरवायरवरून डिस्क शेअर करणारा कर्नल ड्रायव्हर: कुठून सुरू करायचं आणि कुठे अडकायला होतं

आधी काम काय ते सांगतो. एका लिनक्स मशीनवरची डिस्क, किंवा नुसती एक इमेज फाइल, दुसऱ्या मशीनला फायरवायरच्या (उपकरणं जोडायची जुनी वेगवान सिरियल बस) केबलवरून अख्खी हार्ड डिस्क म्हणून दिसली पाहिजे, आणि जमलं तर तिसऱ्या मशीनलाही तीच डिस्क त्याच वेळी दिसली पाहिजे. नेटवर्क नाही, एनएफएस नाही, सांबा नाही, मध्ये फक्त सिरियल बस आणि तिच्या दोन्ही टोकांना कर्नल.

फायरवायरच का, तर यूएसबीत एक मालक आणि बाकीचे नोकर असा प्रकार असतो, दोन पीसी साध्या केबलने जोडून एकाला डिस्क बनवता येत नाही, त्याला गॅजेट मोडचं हार्डवेअर लागतं. फायरवायरवर मात्र सगळे नोड बरोबरीचे, कोणीही कोणाच्या मेमरीत वाचू-लिहू शकतो, त्यामुळे साधं कार्ड टाकलं की पीसी डिस्क बनू शकतो. आपल्याकडे हे पोर्ट बहुतेकांनी पाहिलं ते लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे, मिनी-डीव्ही कॅमेऱ्यातली कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला, म्हणून जुन्या मिक्सिंग लॅबच्या भंगारात ही कार्डं अजून सापडतात. आज प्रॉडक्शनमध्ये हे कोणी वापरणार नाही, मान्य. पण स्टोरेज ड्रायव्हर शिकायला याच्याइतकं आटोपशीर मैदान नाही, कर्नलमधला क्लायंट बाजूचा एसबीपी२ (फायरवायरवरून डिस्कशी बोलायचा प्रोटोकॉल) ड्रायव्हर जेमतेम दीडेक हजार ओळींचा आहे, एका शनिवारी-रविवारी वाचून होतो.

हार्डवेअर: दोन मशीन, दोन ओएचसीआय (फायरवायर कंट्रोलरचा प्रमाण प्रकार) कार्डं, सहा पिनची केबल. चार पिनची केबलही चालते, फक्त तिच्यातून पॉवर जात नाही. कार्ड घेताना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप मिळाली तर तीच घ्या. व्हीआयए व्हीटी६३० मालिकेची चिप आणि एएसमीडियाचा एएसएम१०८ मालिकेचा ब्रिज असलेली पीसीआय एक्सप्रेस कार्डं एएमडी रायझन मशीनवर टाकली की ड्रायव्हर लोड होताना अख्खं मशीन रीबूट व्हायचं, त्यावरचा इलाज ६.७ कर्नलच्या सुमारास आला. म्हणजे असलं कार्ड आणि जुनं कर्नल असेल तर तुम्ही आपल्या कोडमध्ये बग शोधत बसाल आणि बग तिथे नसेलच.

कर्नलच्या बाजूने बघायचं तर २००७ मध्ये २.६.२२ ला नवा फायरवायर स्टॅक आला, त्याला जुजू म्हणायचे, आणि जुना स्टॅक २.६.३७ ला काढून टाकला. म्हणून नेटवर कुठेही जुनं रॉ१३९४ किंवा ओएचसीआय१३९४ मॉड्यूलचं ट्युटोरियल दिसलं तर टॅब बंद करा, त्यातलं एपीआय आता अस्तित्वात नाही. डिस्क बनायच्या बाजूचा, म्हणजे टार्गेटचा ड्रायव्हर २०१२ मध्ये ३.५ ला आला, तो कर्नलच्या एलआयओ नावाच्या टार्गेट फ्रेमवर्कवर बसतो. २०२० मध्ये तो काढून टाकावा अशीही चर्चा झाली होती, वापरणारे कमी म्हणून. तर तुम्ही यात हात घातलात तर गर्दी होणार नाही.

कोड लिहायच्या आधी एसबीपी-२ प्रोटोकॉल डोक्यात बसला पाहिजे. तो नाही बसला तर पुढचं सगळं कॉपी-पेस्ट होतं. यात मुख्य गोष्ट अशी की डिस्क स्वतः ओढून घेते. आपल्याला सवय असते की होस्ट डिस्कला कमांड पाठवतो, डेटा पाठवतो, डिस्क ऐकते. इथे होस्ट, म्हणजे इनिशिएटर, कमांड स्वतःच्याच मेमरीत लिहून ठेवतो आणि डिस्कला फक्त पत्ता कळवतो, की बाबा अमुक ठिकाणी काम ठेवलंय. मग डिस्क त्याच्या मेमरीतून कमांड वाचते, डेटाही त्याच्या मेमरीत स्वतः लिहिते किंवा तिथून वाचते, आणि शेवटी स्टेटस त्याने आधीच सांगितलेल्या पत्त्यावर टाकते. थोडक्यात, होस्टच्या सीपीयूला फारसं काही करावं लागत नाही, आणि टार्गेट लिहिणाऱ्याला सगळंच करावं लागतं.

एक ४ केबीचं वाचन घेऊन बघू. ५१२ बाइटचे ८ सेक्टर. इनिशिएटर ओआरबी नावाचा एक ब्लॉक बनवतो, त्यात पहिले ८ बाइट पुढच्या ओआरबीचा पत्ता, मग ८ बाइट डेटा बफरचा पत्ता, मग ४ बाइटांत दिशा, स्पीड, एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती आणि डेटाचा आकार, आणि त्यानंतर साधी स्कझी (डिस्कशी बोलायची प्रमाण भाषा) कमांड, रीड-१०. ओआरबीचा पत्ता तो टार्गेटच्या ओआरबी-पॉइंटर रजिस्टरवर लिहितो. ते रजिस्टर टार्गेटच्या फेच एजंटमध्ये (ओआरबी ओढून आणणारा भाग) असतं, एजंटच्या सुरुवातीपासून ८ बाइटांवर. त्याच्या आधी शून्यावर एजंट-स्टेट, ४ वर एजंट-रीसेट, आणि १६ वर डोअरबेल. टार्गेट पत्ता घेतो, ओआरबी वाचतो, डिस्कवरून ८ सेक्टर उचलतो, आणि एस४०० स्पीडला एका पॅकेटमध्ये २०४८ बाइटच जातात म्हणून दोन ब्लॉक-राइट करून होस्टच्या बफरमध्ये टाकतो. मग स्टेटस. पुढच्या ओआरबीचा पत्ता नल असेल तर एजंट सस्पेंड होऊन बसतो, नवीन काम साखळीला जोडलं की होस्ट डोअरबेल वाजवतो आणि एजंट परत उठतो. एवढंच आहे. बाकी सगळं चुका सांभाळणं आहे.

आता पहिलं मॉड्यूल. डायरेक्ट डिस्क बनवायला जाऊ नका, आधी नुसता एक पत्ता अडवा. फायरवायर-कोअरमध्ये ॲड्रेस हँडलर नोंदवायचं फंक्शन आहे, त्याला लांबी द्यायची (४ च्या पटीत), रीजन द्यायचा आणि कॉलबॅक (त्या पत्त्यावर कोणी वाचलं-लिहिलं की चालणारं आपलं फंक्शन) द्यायचा, कोअर त्या रीजनमध्ये मोकळी जागा शोधून तुम्हाला ऑफसेट देतो. दुसऱ्या मशीनवरून त्या पत्त्यावर ४ बाइट लिहा, वाचा, कॉलबॅकमध्ये प्रिंट करा. दुसऱ्या बाजूला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लिनक्स-फायरवायर-युटिल्स पॅकेजमधलं फायरवायर-रिक्वेस्ट टूल पुरतं, आणि बसवर कोण कोण आहे ते एलएस-फायरवायर दाखवतं. एवढं चाललं की तुम्हाला तीन गोष्टी कळलेल्या असतात: मॉड्यूल लोड-अनलोड नीट होतंय, बस जिवंत आहे, आणि एंडियन, म्हणजे आकड्यातले बाइट कोणत्या क्रमाने ठेवलेत.

एंडियनचं आधीच सांगून ठेवतो, फायरवायर बिग-एंडियन आहे आणि तुमचा इंटेल किंवा एएमडी लिटिल-एंडियन. ओआरबीतलं प्रत्येक फील्ड वाचताना बीई३२-टू-सीपीयू आणि लिहिताना सीपीयू-टू-बीई३२ लागणारच, त्यामुळे स्ट्रक्चरमध्ये साधं यू३२ लिहूच नका, पहिल्या दिवसापासून बीई३२ टाइप लिहा आणि मेक करताना सी=१ देऊन स्पार्स (कोड तपासणारं टूल) चालवा, कुठे विसरलात ते तो ओळ नंबरासकट सांगतो.

कॉलबॅकचे नियम कडक आहेत. एक, त्यात झोपायचं नाही, म्हणजे म्युटेक्स नाही, डिस्क आयओ नाही, थांबून राहणारं मेमरी अलोकेशन नाही. दोन, प्रत्येक रिक्वेस्टला सेंड-रिस्पॉन्स एकदाच करायचा, विसरलात तर समोरच्याला टाइमआउट आणि तुमच्याकडे मेमरी लीक. तीन, रिस्पॉन्स पाठवला की रिक्वेस्टचा डेटा तुमचा राहत नाही, तो फ्री होऊ शकतो, म्हणून जे हवंय ते आधी कॉपी करा आणि मग रिस्पॉन्स द्या. यातलं तिसरं लोकांना सर्वात जास्त चावतं कारण दहापैकी नऊ वेळा चालून जातं, केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारा कर्नलचा तपासनीस) चालू केलं की लगेच ओरडतं. खरं काम वर्कक्यूवर (नंतर चालणाऱ्या कामांची रांग, तिथे झोपलं तरी चालतं) टाकायचं. कर्नलमधला टार्गेट ड्रायव्हरही असंच करतो, ओआरबी-पॉइंटरवर लिहिलेला पत्ता टिपून घेतो, ओके म्हणतो, आणि ओआरबी वाचायचं काम वर्कक्यूला देतो.

मग मॅनेजमेंट एजंट, म्हणजे लॉगिनच्या विनंत्या घेणारा टार्गेटचा भाग. इनिशिएटरला तुम्ही डिस्क आहात हे कळतं तुमच्या कॉन्फिग रॉममधून (बसवर आपली ओळख सांगणारा तक्ता), तिथे युनिट डिरेक्टरीत एसबीपी-२ ची ओळख आणि मॅनेजमेंट एजंटचा पत्ता टाकायचा, त्यासाठी कोअरमध्ये डिस्क्रिप्टर जोडायचं फंक्शन आहे. तो पत्ता रजिस्टर स्पेसमध्येच असावा लागतो कारण रॉममध्ये तो बेसपासूनच्या अंतराने लिहिला जातो, तेही बाइटांत नाही तर ४-४ बाइटांच्या क्वाडलेटमध्ये, इथे ४ ने भागायचं राहिलं की लॉगिन कधीच येत नाही आणि लॉगमध्येही काही दिसत नाही. पत्ता बरोबर असेल तर इनिशिएटर त्या ८ बाइटांवर आपल्या लॉगिन ओआरबीचा पत्ता लिहितो, तुम्ही ३२ बाइट वाचता, आणि उत्तरात लॉगिन आयडी, फेच एजंटचा पत्ता आणि रीकनेक्टची मुदत देता. समोरच्या लॉगमध्ये लॉग्ड इन टू एलयूएन ०००० (एलयूएन म्हणजे टार्गेटमधल्या डिस्कचा नंबर) दिसलं की चहा प्या.

चहा झाला की केबल काढून परत लावा. कारण इथून खरा ड्रायव्हर सुरू होतो. माझं मत विचाराल तर सिरियल बसवर डिस्क शेअर करायच्या ड्रायव्हरमध्ये डेटा हलवणं हा सोपा भाग आहे, अवघड भाग म्हणजे बस रीसेट झाल्यावर कोण कोण आहे ते न चुकता ओळखणं.

फायरवायरवर कोणीही केबल लावली, काढली, कुठलं डिव्हाइस चालू-बंद केलं की अख्खी बस रीसेट होते आणि सगळ्यांचे नोड नंबर नव्याने ठरतात. मघाशी २ नंबर असलेलं मशीन आता ० असू शकतं. चाळीत रोज रात्री खोल्यांचे नंबर बदलले तर पोस्टमनचं जे होईल तेच तुमच्या पॅकेटचं होतं. म्हणून प्रत्येक रीसेटला जनरेशन नावाचा आकडा बदलतो आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शन पाठवताना नोड नंबराबरोबर जनरेशनही द्यावं लागतं, जुनं जनरेशन दिलं तर पॅकेट बाहेर पडत नाही, एरर येते.

आता क्रम बघा. डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमधून आधी जनरेशन वाचायचं, मग एसएमपी रीड बॅरियर (दोन वाचनांचा क्रम बदलू न देणारी सूचना), आणि मग नोड नंबर. उलट नाही. समजा उलट केलं, नोड नंबर वाचला, तो २, आणि तेवढ्यात रीसेट झाला, मग जनरेशन वाचलं तर ते नवीन मिळालं. आता तुमच्याकडे जुना नंबर आणि नवं जनरेशन, कार्डाच्या दृष्टीने सगळं वैध, पॅकेट निघालं आणि आता जो कोणी २ आहे त्याच्या मेमरीत तुमचे सेक्टर लिहिले गेले. पॅनिक नाही, वॉर्निंग नाही, भलत्याच मशीनच्या रॅममध्ये कोणाचा तरी डेटा. बरोबर क्रमाने वाचलं तर वाईटात वाईट काय होईल, जुनं जनरेशन आणि नवा नंबर, पॅकेट जाणार नाही, एरर येईल, परत प्रयत्न करायचा. कोअरच्या हेडर फाइलमध्ये ही गोष्ट कॉमेंटमध्ये लिहिलेली आहे आणि तरी नवीन पॅचमध्ये हाच क्रम उलटा येऊ शकतो, बॅरियर विसरला जाऊ शकतो, कारण टेस्टमध्ये ते सापडत नाही. रिव्ह्यूमध्येच सापडतं.

रीसेट झाला की चालू असलेली सगळी कामं टार्गेटने टाकून द्यायची, पण लॉगिन लगेच तोडायचं नाही. लॉगिनच्या वेळी सांगितलेली रीकनेक्टची मुदत, अधिक एक सेकंद, एवढा वेळ ते लॉगिन त्याच इनिशिएटरसाठी राखून ठेवायचं, आणि तो तोच आहे हे नोड नंबरावरून नाही तर त्याच्या ६४ बिटी जीयूआयडीवरून (कार्डाचा कायमचा ओळख क्रमांक) ठरवायचं. मुदत संपली की लॉगिन गेलं. आणि फेच एजंटवर कोणी काही लिहिलं तर पाठवणारा नोड आणि जनरेशन त्या सेशनचंच आहे का हे दर वेळी तपासायचं, नाही जुळलं तर एरर परत. शेअरिंगमध्ये हे नसेल तर एका मशीनची ओआरबी दुसऱ्याच्या खात्यात चालून जाईल.

एरर आल्यावर एजंट डेड अवस्थेत जातो, स्टेटसमध्ये तो बिट लावावा लागतो, आणि समोरून एजंट-रीसेट येईपर्यंत काही करायचं नाही. स्टेटस ब्लॉकमध्ये स्कझीचा सेन्स डेटा जसाच्या तसा कॉपी होत नाही, एसबीपी-२ ची मांडणी वेगळी आहे, तक्ता समोर ठेवून एकेक फील्ड भरा.

खरी डिस्क मागे जोडायला स्वतःचं काही लिहू नका, एलआयओला सांगा. फाइल, ब्लॉक डिव्हाइस, रॅमडिस्क सगळं तो सांभाळतो, तुमचा ड्रायव्हर फक्त वाहतूक. टार्गेट-सीएलआय (एलआयओचं कमांड टूल) उघडून एक फाइल-आयओ बॅकस्टोअर (डिस्क म्हणून दाखवायची फाइल) बनवायचं, एसबीपी फॅब्रिकमध्ये (वाहतुकीचा प्रकार) कार्डाच्या जीयूआयडीने टार्गेट बनवायचं, एलयूएन जोडायचं, एनेबल करायचं. तुमच्या डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये एसबीपी टार्गेट कंपाइल केलेलं आहे का ते कॉन्फिगमध्ये आधी बघा, नसेल तर कर्नल स्वतः बनवायला लागेल, पण तुम्ही ड्रायव्हर लिहायला निघालाय तर ते तसंही लागणारच. स्वतःच्या बदलाची सुरुवात या ड्रायव्हरपासून करा, शून्यापासून नवीन लिहिलेला कोणी घेणार नाही.

आता दोन मशीनना एकच डिस्क. लिनक्सचा एसबीपी२ ड्रायव्हर डीफॉल्टने एक्सक्लुझिव्ह लॉगिन मागतो, म्हणजे मी असताना दुसरा नको. दोन्ही इनिशिएटर मशीनवर मॉड्यूलचा एक्सक्लुझिव्ह-लॉगिन पॅरामीटर एन करून लोड करायचा, मग टार्गेट दोघांना आत घेतो. बाजारातल्या फायरवायर हार्ड डिस्कच्या डब्यांपैकी हे जमतं ते फक्त ऑक्सफर्ड सेमीकंडक्टरच्या ब्रिज चिपना, ओएक्सएफडब्ल्यू९११ आणि त्यानंतरच्या, त्यातही फर्मवेअरप्रमाणे दोन किंवा चार लॉगिन, असं ड्रायव्हरच्या सोर्समध्येच लिहून ठेवलंय. एके काळी ओरॅकलच्या क्लस्टर डेटाबेसवर घरच्या घरी हात साफ करायला लोक हेच जुगाड करायचे, फायबर चॅनेलचा खर्च कोण करणार.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: ड्रायव्हर ब्लॉक शेअर करतो, फाइलसिस्टिम नाही. त्या डिस्कवर एक्सट४ टाकून दोन्हीकडे माउंट केलंत तर दोघांच्या कॅशमध्ये वेगवेगळं जग असेल आणि डिस्कवर खिचडी. एक माउंट रीड-ओन्ली असला तरी त्याला शिळा डेटा दिसेल. ओसीएफएस२ किंवा जीएफएस२ असली क्लस्टर फाइलसिस्टिम वापरा, दोन्ही २००६ पासून कर्नलमध्ये आहेत, आणि त्यांना लॉक मॅनेजरसाठी आपसात नेटवर्क लागतं, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं नेटवर्क नाही हे डेटापुरतंच खरं. नुसतं वाचूनच दाखवायचं असेल तर एलयूएनच रीड-ओन्ली करा आणि मोकळे व्हा.

सिक्युरिटीचं एक. एसबीपी-२ चालतं म्हणजेच समोरचं डिव्हाइस तुमच्या फिजिकल मेमरीत थेट वाचू-लिहू शकतं. लिनक्स ती परवानगी एसबीपी-२ डिव्हाइस ओळखल्यावर त्या नोडला देतो, पण डिस्क असल्याचं नाटक कोणीही करू शकतं हे आताच तर तुम्ही स्वतः शिकलात. टेस्टची मशीन वेगळी ठेवा, कामाचा लॅपटॉप नको.

टेस्टिंगला कर्नल बनवताना लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा) आणि केएएसएएन चालू ठेवा, वेग मेला तरी चालेल. फायो (डिस्कवर लोड टाकून तपासायचं टूल) व्हेरिफाय मोडमध्ये लावायचा, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो, आणि तो चालू असताना बस रीसेट करत राहायचं. दर वेळी केबल उपटायची गरज नाही, डीईव्हीमधल्या एफडब्ल्यू डिव्हाइसवर रीसेटचं आयओसीटीएल (डिव्हाइसला द्यायची खास कमांड) आहे, एका लूपमध्ये दर थोड्या सेकंदांनी मारा. तरी केबलही उपटाच, कारण त्यात नोड खरोखर गायब होतो आणि रिमूव्हचा रस्ता वेगळा आहे. रीकनेक्टच्या मुदतीच्या आत परत लावून बघा, मुदत संपल्यावर लावून बघा, आणि आयओ चालू असताना टार्गेटचं मॉड्यूल अनलोड करायचा प्रयत्न करून बघा. पॅकेट बघायचे तर ६.१० पासून कर्नलमध्ये फायरवायरचे ट्रेसपॉइंट (कोडमधल्या घडामोडी टिपायच्या जागा) आलेत, आधी यासाठी पीसीआय-लिंक्स चिपचं जुनं कार्ड आणि पॅकेट टिपणारा नोझी ड्रायव्हर असा सरंजाम लागायचा.

पॅच पाठवताना: लायसन्स जीपीएल २, साइन्ड-ऑफ-बाय (हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी सही) ज्ञात ओळखीने, निनावी नाही, चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवलेला, आणि गेट-मेंटेनर स्क्रिप्ट ज्यांची नावं देईल त्या सगळ्यांना साध्या टेक्स्टमध्ये, गिट सेंड-ईमेलने. फायरवायरचा कारभार २०२३ पासून ताकाशी साकामोतो बघतात, २०२९ पर्यंत बघणार असं त्यांनी सांगितलेलं आहे, टार्गेटच्या बाजूचे लोक वेगळे, बदल दोन्हीकडे असेल तर पॅच दोन भागांत तोडा. कोणत्या कार्डावर, कोणत्या कर्नलवर, किती वेळ रीसेटचा मारा करून तपासलं ते मेसेजमध्ये लिहा, कारण समोरच्याकडे हे हार्डवेअर असेलच असं नाही आणि त्याला तुमच्या शब्दावर विसंबून राहायचं असतं. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवस थांबून एकदा आठवण करा, आणि दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहा, कमिट मेसेजमध्ये नाही.